माणसे हलली की सीमा हलली?

अमेरिकेत वैविध्य अधिक की युरोपात, हा वाद अलीकडे आपल्या घराघरांतून ऐकू येऊ लागला आहे. कारण उघड आहे. खटकचिंचोळी, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या टापूतील जुन्या मराठी घराण्यांची नातवंडे आता दोन्ही खंडांत नोकरीस आहेत. सुटीत गावी आली की एक म्हणतो, अमेरिकेसारखा बहुरंगी देश नाही, एका गल्लीत दहा देशांची माणसे नांदतात. दुसरा म्हणतो, तेथे हजार मैल गेले तरी तीच भाषा आणि तीच दुकाने. युरोपात आगगाडीत दोन तास डुलकी लागली तर जाग येते ती दुसऱ्या भाषेत. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मात्र एक जण माणसांची मूळ गावे मोजतो आणि दुसरा भूमीवरच्या भाषा मोजतो, म्हणून वाद मिटत नाही.

आमच्या मते हा प्रश्न मोजणीचा नाहीच. एखाद्या प्रदेशात निरनिराळी माणसे एकत्र आली कशी, हे आधी विचारावयास हवे. त्याच्या मुख्य वाटा दोन. एक तर माणसे आपली भूमी सोडून दुसरीकडे जातात. किंवा माणसे जागच्या जागी राहतात आणि राज्याची सीमा त्यांच्यावरून सरकते. ढोबळ मानाने अमेरिकेचे वैविध्य पहिल्या वाटेने आले, युरोपचे पुष्कळसे दुसऱ्या वाटेने. आपला बिदर-कलबुर्गीचा टापू असा आहे की तेथे या दोन्ही वाटा एकमेकींना छेदून गेल्या आहेत. आपणांस 'येथे स्थायिक झालेले मराठी लोक' असे म्हटले जाते आणि आपणही स्वतःस बिनदिक्कत तसे म्हणवून घेतो. तो शब्द आपल्यापैकी कोणास लागू पडतो आणि कोणास नाही, हे पाहण्यासाठी त्या दोन दूरच्या खंडांचा आरसा बरा पडतो.

अमेरिकेची ओळख मराठी वाचकास फार जुनी आहे. महात्मा फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती, गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी स्वार्थत्याग केला त्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 या काळात त्या देशात हिंडल्या आणि 1889 मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी तेथील लोकशाहीचे आणि स्त्रियांच्या उद्योगाचे कौतुक केले, पण काळ्या लोकांना आणि मूळच्या रहिवाशांना मिळणारी वागणूकही नजरेआड केली नाही. आजही अमेरिकेविषयी लिहिणाऱ्या पुष्कळांना एवढा समतोल साधत नाही.

त्या देशातील सरमिसळीचे जुने वर्णन क्रेव्हकर या फ्रेंच गृहस्थाने 1782 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत केले आहे. आजोबा इंग्रज, आजी डच, मुलाची बायको फ्रेंच आणि नातवांच्या बायका चार निरनिराळ्या देशांच्या, असे एक कुटुंब त्याने दाखविले आणि यातून नवा माणूस निर्माण होतो आहे असे म्हटले. पुढे 1908 मध्ये इस्रायल झँगविल याच्या नाटकाने या कल्पनेला मुशीची उपमा रूढ करून दिली. मुशीत धातू वितळतात. वितळल्यावर कोणता धातू कोणाचा हे उरत नाही. होरेस कॅलन या विचारवंताने 1915 मध्येच या उपमेला हरकत घेतली होती. माणूस कपडे बदलतो, धर्म बदलतो, पण आजोबा बदलू शकत नाही, अशा आशयाचा त्याचा युक्तिवाद होता.

व्यवहारात मात्र मूसच बलवत्तर ठरली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मध्यभागात जर्मन भाषेच्या शाळा, वर्तमानपत्रे, प्रार्थनामंदिरे विपुल होती. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू ठरली आणि पाहता पाहता ते सारे संशयास्पद झाले. नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदा करून आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना कोणतीही परकीय भाषा शिकविण्यास बंदी घातली. रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलास जर्मन वाचावयास शिकविले म्हणून त्यास दंड झाला. 1923 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. शिक्षक जिंकला, पण तोवर शाळा ओस पडल्या होत्या. निकाल लागेपर्यंत ज्याचा दावा त्याचेच दुकान बंद व्हावे, हा प्रकार आम्हांस सरकारी नोकरीत पुष्कळ वेळा पाहावयास मिळाला आहे.

आज त्या देशात साधारण पाचांतील एक माणूस घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतो. ही संख्या मोठी वाटते. पण त्यातील बराच भाग गेल्या एक-दोन पिढ्यांत आलेल्यांचा आहे. भाषा घरात येते ती आजोबांबरोबर. मुलगा ती समजतो, नातू फक्त तिच्यातले पदार्थ ओळखतो. तीन पिढ्यांचा हा हिशेब जर्मन, इटालियन, नॉर्वेजियन, पोलिश अशा एकापाठोपाठ एक आलेल्या सर्वांना लागू पडला. अमेरिकेत मराठी मंडळींची मंडळे आहेत. त्यांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून काम करते आहे. तेथील मराठी शाळांत शिकविणाऱ्यांची तळमळ आम्ही कमी लेखत नाही. परंतु तिसऱ्या पिढीची परीक्षा त्यांनाही चुकणार नाही.

अमेरिकेतही सारीच माणसे स्वखुशीने हललेली नव्हती, हे येथे नोंदवून पुढे जाऊ. आफ्रिकेतून आणलेल्यांना साखळदंडांनी हलविले. मूळ रहिवासी तर तेथेच होते. त्यांची मुले 1879 मध्ये स्थापन झालेल्या कार्लाइलसारख्या निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा सोडविण्यात आली. लुइझियानाचे फ्रेंच आणि न्यू मेक्सिकोचे स्पॅनिश यांच्यावरून तर चक्क सीमाच सरकली, 1803 आणि 1848 मध्ये. पण देशाने स्वतःची जी गोष्ट रचली ती बोटीतून उतरलेल्यांची. त्या गोष्टीत भाषेला भूमी नसते. भाषा सामानाबरोबर येते आणि सामानाबरोबरच एक दिवस अडगळीत जाते.

युरोपात याच्या उलट आहे. तेथे भाषेला डोंगर आहे, खोरे आहे, नदीचा काठ आहे. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषाच 24 आहेत आणि त्यांखेरीज प्रादेशिक भाषा कितीतरी. प्रश्न उत्पन्न होतो तो राज्याची सीमा आणि भाषेची सीमा एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा. अल्सास प्रांत 1871 मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीने घेतला आणि 1945 पर्यंत पुन्हा फ्रान्सचा झाला. 1870 च्या सुमारास तेथे जन्मलेला आणि दीर्घायुषी ठरलेला एखादा शेतकरी आपला बांध न ओलांडता चार वेळा देश बदलून मोकळा झाला असेल. दक्षिण टायरोलचे जर्मनभाषक लोक 1919 च्या तहाने इटलीत गेले. मुसोलिनीच्या राजवटीत तेथील शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली, तेव्हा घरांच्या तळघरांत आणि शेतघरांत चोरून वर्ग भरू लागले. युद्धानंतर 1946 मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात करार झाला आणि 1972 च्या सुधारित स्वायत्ततेने त्या प्रांताची घडी बसली. तेथे आज जर्मनभाषक सुमारे दोन तृतीयांश आहेत. सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि नोकरदारास दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. ही व्यवस्था कोरडी आणि किचकट आहे, पण चालते.

बेल्जियमने 1962-63 मध्ये देशात भाषेची रेषाच कायद्याने आखून टाकली. पुढे लुव्हेनचे प्राचीन विद्यापीठ फ्लेमिश आणि फ्रेंच असे दोन झाले, तेव्हा ग्रंथालयही वाटावे लागले. सम क्रमांकाची पुस्तके एकाकडे, विषम क्रमांकाची दुसऱ्याकडे अशी वाटणी झाल्याचे सांगतात. भाऊबंदकीची अनेक वाटणीपत्रे आम्ही वाचली आहेत. असे एकही वाचल्याचे स्मरत नाही.

आता आपल्या दारात येऊ. बिदर हे पंधराव्या शतकात एक प्रकारची अमेरिका होते, असे म्हटले तर वाचकांनी दचकू नये. बहमनी राज्य 1347 मध्ये स्थापन झाले, त्याची राजधानी प्रथम गुलबर्गा आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याच्या वेळी बिदर. या दरबारात दोन पक्ष होते. एक दख्खनी आणि दुसरा आफाकी, म्हणजे परदेशी. आफाकी मंडळी इराण, इराक, तुर्कस्तान येथून समुद्रमार्गे नव्याने आलेली. दख्खनी कोण? त्यांत हबशी होते, येथलेच धर्मांतरित होते. पण त्यांच्यातील प्रमुख घराणी महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची माणसे दौलताबादेस हलविली त्या वेळी उत्तरेतून आलेल्यांची होती. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आलेले स्वतःस भूमीचे मालक म्हणवीत होते आणि काल आलेल्यांना उपरे. अमेरिकेत 1850 च्या सुमारास आधी आलेल्या घराण्यांनी नव्याने उतरणाऱ्या आयरिश लोकांविरुद्ध राजकीय पक्ष काढला आणि 1924 मध्ये दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांना दार जवळजवळ बंद करणारा कायदा झाला. बिदरकरांनी हे नाटक चारशे वर्षे आधी वठविले होते.

या नाटकाचा एक साक्षीदार युरोपातून आलेला होता. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढून बिदरला पोहोचला. अमेरिका युरोपास ठाऊक होण्याच्या वीस-बावीस वर्षे आधीची ही गोष्ट. येथील राज्यकर्ते आणि सरदार सारे खुरासानी आहेत, सरदारांचा थाट मोठा आणि खेड्यांतील लोक मात्र फार दरिद्री, असे त्याने टिपून ठेवले आहे. ज्याच्या कारभारात हे चालले होते तो महमूद गवान स्वतः इराणातील गिलानचा. 1472 मध्ये पूर्ण झालेला त्याचा मदरसा आजही बिदरची शान आहे. त्याने दोन्ही पक्षांत अधिकारपदे तोलून वाटण्याचा प्रयत्न केला. तोच त्याच्या जिवावर बेतला. बनावट पत्राच्या आधारे 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्या कटाचा सूत्रधार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो दख्खनी पक्षाचा मलिक हसन जन्माने ब्राह्मण, त्याचे मूळ घराणे पाथरीचे. त्याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापिली. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक मूळचा विजयनगर राज्यातील कानडी हिंदू कुळातला. गोवळकोंड्याचा कुतुबशहा इराणकडील तुर्कमान. एका राज्याच्या पाच वाटण्या झाल्या, त्यांत मराठी आणि कानडी मुळे अशी तुर्की-इराणी मुळांशेजारी बसली. वंशावळी काढून बसणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

या सरमिसळीतून जे उरले ते मात्र फारसी नव्हते आणि दिल्लीचेही नव्हते. उरली ती दख्खनी बोली. बिदर-कलबुर्गीच्या मुसलमान घरांत आजही 'नक्को' ऐकू येते, ते आपल्या 'नको'चे रूप. शब्दाला जोर देण्यासाठी शेवटी लावलेला 'च' हा तर मराठीचा शिक्काच. ज्यांनी येथे राज्य केले त्यांच्या वंशजांच्या तोंडी शेजाऱ्याचा नकार आणि शेजाऱ्याचा आग्रह दोन्ही रुजले. मूस येथेही होती. पण तीत एकच धातू वरचढ झाला नाही.

ही झाली हललेल्या माणसांची कथा. सीमेची कथा त्याहून अलीकडची आणि आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे.

हैदराबाद संस्थानात बिदर जिल्हा होता तेव्हा त्यात कानडी, मराठी आणि तेलुगू असे तिन्ही प्रदेश होते आणि कचेरीची भाषा चौथीच, उर्दू. 1955 च्या राज्य पुनर्रचना आयोगाने हा जिल्हा उर्वरित हैदराबाद राज्यातच ठेवण्याची शिफारस केली होती. तसे झाले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. ते पुढे 1982 मध्ये लातूर जिल्ह्यात आले. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाकडे गेला; तो 2014 पासून तेलंगणात आहे. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. विकाराबादहून परळीकडे जाणारी आगगाडी जहिराबाद, बिदर, भालकी, कमलनगर, उदगीर असे करीत एका बैठकीत तीन राज्ये ओलांडते. हा लोहमार्ग घातला गेला तेव्हा ते एकच संस्थान होते.

खटकचिंचोळीचा जो शेतकरी 31 ऑक्टोबरला उदगीरच्या बाजारास गेला तो आपल्याच जिल्ह्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तोच बैलबाजार. पण तो परराज्यात गेला असा त्याचा अर्थ झाला. त्यास कोणी 'स्थायिक' म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. तो कोठून आलाच नाही. तो अल्सासच्या शेतकऱ्याचा भाऊबंद आहे, शिकागोच्या अभियंत्याचा नव्हे.

या सीमेपूर्वी येथे दोन भाषांत रेषा होती का? असलीच तर ती फार पातळ होती. कल्याणीच्या चालुक्यांची राजभाषा संस्कृत व कन्नड. त्यांचाच राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ओवीचा हा जुना उल्लेख आपणांस बसवकल्याणच्या राजसभेतून मिळतो. त्याच नगरीत त्याच शतकात बसवेश्वरांच्या प्रेरणेने कन्नड वचनसाहित्य बहरले. मराठी घरांतून पारायण होणाऱ्या गुरुचरित्राचा नायक नृसिंहसरस्वती गाणगापुरास राहिला, जे कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आणि त्याचा कर्ता सरस्वती गंगाधर हा आपली भाषा कानडी असल्याचे सांगतो. अष्टूर येथे अहमदशहा वलीच्या थडग्याजवळ भरणाऱ्या उरुसात कलबुर्गीकडून येणाऱ्या जंगमांना मान असतो. लिंगायत भाविक त्या सुलतानास अल्लमप्रभूंचे रूप मानतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (1817-1865) मराठी, कानडी, हिंदी-उर्दू, संस्कृत अशा भाषांत पदे रचीत आणि त्यांनी आपल्या पंथास नावच सकलमत संप्रदाय असे दिले.

पण आम्हांस या साऱ्यांपेक्षा बोलका पुरावा वाटतो तो येळवसेचा. मार्गशीर्ष अमावस्येस लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या जिल्ह्यांतील गावेच्या गावे ओस पडतात, कारण सारी माणसे शेतात गेलेली असतात. कडब्याची कोप, तीत मांडलेले पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. हा सण कानडी शेतकऱ्याची 'एळ्ळ अमावास्ये' आहे. एळ्ळु म्हणजे तीळ. त्याचे 'येळवस' झाले आणि मग त्याचा अर्थ लागेना म्हणून शिकलेल्यांनी 'वेळ अमावस्या' असे शुद्ध रूप तयार केले. आंबील शिंपडताना जे बोल उच्चारले जातात तेही कानडी वळणाचे. मराठी शेतकऱ्यास त्यांचा अर्थ सांगता येत नाही आणि सांगण्याची त्यास गरजही वाटत नाही. लातूरचा एक चांगला शिक्षित गृहस्थ या सणास 'आमचा खास मराठवाडी सण' म्हणतो, तेव्हा आम्ही त्याच्या ताटात आणखी एक उंडा वाढतो.

उलट दिशेनेही देवघेव झाली आहे. कर्नाटकात शेतजमिनीच्या उताऱ्यास 'पहणी' म्हणतात. तो आपला 'पाहणी' शब्द. बंगळूरच्या मूळ कन्नडभाषक लिपिकास तो शब्द मराठी आहे हे सांगितले की प्रथम खरे वाटत नाही. आपण 'तूप', 'अण्णा', 'अक्का' म्हणतो तेव्हा आपल्यालाही कोठे खरे वाटते?

एवढे गोड चित्र काढून थांबलो तर ते लबाडीचे होईल. 1948 च्या मे महिन्यात गोरटा येथे रझाकारांनी हत्याकांड केले. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि तिच्यामागोमाग मुसलमान वस्त्यांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे नोंदविली आहेत. उरुसात शेजारी बसणारी हीच गावे. आपल्या जुन्या घराण्यांतून पहिली हकीकत सांगितली जाते, दुसरी सहसा सांगितली जात नाही. युरोपातही 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात माणसांची अदलाबदल झाली, सुमारे दीड कोटी नव्हे तर पंधरा लाखांच्या आसपास. शतकानुशतकांचे शेजार काही महिन्यांत उठले. रुजलेल्या वैविध्याचा हा धोका आहे. भूमी सर्वांचीच असते, म्हणून ती एकट्याची करून घेण्याची ओढही तेथेच उपजते. अमेरिकेत निदान 'तुझे गाव दुसरीकडे आहे' असे प्रत्येकासच म्हणता येते.

तर मग स्थायिक कोण? आपल्यातही असे आहेत. वतनावर, सावकारीवर, वकिलीवर, शाळामास्तरकीवर जी घराणी पुणे-सोलापूर-सातारा भागांतून येथे आली, ती खऱ्या अर्थाने हललेली माणसे. त्यांचे मोठे उदाहरण तंजावरचे. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर मराठे तेथे गेले, 1855 पर्यंत राज्य टिकले. शहाजीराजांनी तेथे 'पंचभाषाविलास' नावाचे बहुभाषी नाटक रचले. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले आणि बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 मध्ये भला मोठा मराठी शिलालेख कोरविला. राज्य गेले तेव्हा मराठीला भोवती गाव उरले नाही, फक्त घर उरले. तेथील मराठी घराघरांत साडेतीनशे वर्षे टिकली, हे नवल आहे. पण ती लिहिण्याची वेळ आली की अनेक घरांत लिपी तमिळ असते. ही अमेरिकेची रीत. भालकीची मराठी तशी नाही. तिला भोवती गाव आहे, शेत आहे, आठवडी बाजार आहे. तेथे ती कानडी आणि दख्खनी यांच्याशी रोज भांडते आणि रोज उसनवारी करते. 'काय करलालास' असे विचारणाऱ्या माणसास पुण्यात हसतात, पण तो कोणाच्या घरी पाहुणा म्हणून बोलत नसतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. स्थायिक झालेला माणूस यजमानाकडे सवलत मागतो. जागच्या माणसाला हक्क असतो आणि त्याबरोबर शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे ऋणही असते. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले 350-अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. ते पुनर्रचनेबरोबरच आले हा योगायोग नव्हे. सीमा सरकविणाऱ्यांना ठाऊक होते की काही माणसे रेषेच्या या बाजूस राहणार. महाजन आयोगाने 1967 मध्ये अहवाल दिला, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यावर येथे भाष्य करण्याचा आमचा विचार नाही. आयुष्यभर कर्नाटकाच्या नागरिकांसोबत राहून आम्हांस त्या दाव्याहून शाळेची चिंता अधिक वाटते.

कारण मराठी शाळा आता कानडीमुळे ओस पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्य पालकांवर लादू शकत नाही असा निर्णय दिला. तो निर्णय मातृभाषेच्या बाजूने नव्हे, इंग्रजी शाळांच्या बाजूने गेला. आज मराठी घरचे मूल आणि लिंगायत घरचे मूल एकाच पिवळ्या बसमधून एकाच इंग्रजी शाळेस जातात. अल्सासमध्येही असेच झाले. जर्मनीने जबरदस्ती केली तेव्हा लोकांनी आपली बोली जपली, फ्रान्सच्या शाळांनी तिला दूर ठेवले तरी घरात ती काही काळ टिकली. पुढे फ्रेंच बोलणे प्रतिष्ठेचे झाले तेव्हा आईबापांनीच ती मुलांशी बोलणे सोडले. जी मूस अटलांटिकपलीकडे होती ती भालकीच्या बसथांब्यावर येऊन उभी आहे, आणि तिच्यात कानडी आणि मराठी दोघी शेजारणी एकदमच उतरत आहेत. सीमाप्रश्नावर ज्यांचे आवाज चढतात त्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची नातवंडे त्या बसमध्ये नसतील असे आम्हांस वाटत नाही.

या संदर्भात आपल्या मंडळाच्या सभासदांस एक विनंती आहे. 1956 पूर्वीचे कागद अनेक घरांच्या पेटाऱ्यांतून पडून आहेत: कुळकर्णी दप्तरातील मोडी हिशेब, उर्दूतील खरेदीखते, कानडीतील खासगी पत्रे. कोणत्या घरी कोणत्या कामास कोणती भाषा वापरली जाई, हे त्यांवरून ठरविता येईल. एकाच व्यवहाराचा मसुदा मोडीत, नोंदणी उर्दूत आणि साक्षीदाराची सही कानडीत असा कागद सापडला तर तो आम्हांस अवश्य कळवावा. सोबत घराणे येथे कोठून व केव्हा आले, की येथलेच आहे, ते माहीत असेल तेवढेच लिहावे. मूळ कागद पाठवू नयेत, छायाप्रत पुरे. मोडी वाचणारे दोन-तीन वृद्ध सभासद अजून आपल्यात आहेत आणि त्यांची दृष्टी शाबूत आहे तोवर हे काम उरकावयास हवे.